आधी चहा, मग झाकण

९ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्रास कारण की, गाडी गळते.

खुशाली तुम्ही विचारू नका, मीही विचारत नाही, म्हणजे दोघांचाही कागद वाचेल. फोन करून उपयोग नाही हे मला ठाऊक आहे. मागच्या वेळी मी "ताप आलाय" म्हटलं, तर तुम्ही "कुणाचा बाप आलाय?" म्हणून विचारलंत. मेसेज केला की तुमच्याकडून नुसता अंगठा येतो. एका भावाची वाचा गेली, दुसऱ्याचे कान गेले, आणि मधल्यामध्ये माझा घसा बसलाय. तेव्हा पत्र.

तर गाडी. सकाळी बघावं तर पुढच्या चाकांच्या मध्ये हिरवट पाण्याचं थारोळं. पुसलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेली. त्याने बॉनेट उघडलं, कुठली तरी क्लिप आवळली, "झालं मावशी" म्हणाला आणि बॉनेट आपटलं. झालं काही नाही. सिग्नलला जरा थांबावं लागलं की काटा वर चढायला लागतो. माझ्या तोंडचं पाणी पळायचं ते गाडीच्याच तोंडचं पळतंय. ह्यांना व्यायामाला नेताना माझा एक डोळा काट्यावर, एक ह्यांच्यावर, आणि रस्ता आपला नशिबावर सोडलेला.

ह्यांचं आहे तसंच आहे. उजवा पाय ओढत चालतात. उजवा हात मांडीवर असा ठेवून बसतात, जसा काही कुणी सांभाळायला दिलाय. डावा मात्र धड आहे, त्याने जेवतात, बटणं लावतात. आणि बोलणं म्हणाल तर एकच शब्द उरलाय. चहा. झटका आल्यापासून दुसरा शब्द तोंडातून बाहेर आलेला नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाई सांगतात की असा एखादा शब्द अडकून बसतो, त्याला अर्थ असेलच असं नाही. अर्थ नसेल, पण उच्छाद आहे. मी इस्त्री तापवली की चहा. माळ्यावरचं काढायला स्टुलावर चढले की चहा. बरोबर माझे हात अडकलेले असताना. हातातली शिलाई टाकून उठावं, करून द्यावा, तर त्यात करंगळी बुडवतात आणि कप बाजूला सारतात. अगदी लहान मूल झालेत. मग तो गार चहा मी पिते. दिवसभर दुसऱ्याच्या कपड्यांना टिपा घालायच्या आणि गार चहा प्यायचा, असं माझं चाललंय.

लेक फोनवर म्हणते, आई, बाबांना एखाद्या चांगल्या जागी ठेव, तुझं काय होईल. तिला सांगायला काय जातं? नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. पण परवा ह्यांना न्हाणीतून उचलताना माझ्या पाठीतून कळ गेली तेव्हा वाटलं, पोरगी चूक तरी काय बोलतेय. एक जागा ऐकून आहे. अजून पाहिली नाही. तुमचं मत कळवा.

आणि गाडीचं काय करू तेही कळवा. ती एक मोडकी आहे, पण ती आहे म्हणून आम्ही घराबाहेर पडतो.

वहिनी

१७ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र मिळालं. बाप आलाय तो किस्सा तुम्ही आता जन्मभर सांगणार, मी समजून आहे.

माझं म्हणाल तर स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर बसतो. गिऱ्हाईक काय मागतं ते ऐकू येत नाही, म्हणून मी सगळ्यांना तुटका भाग बरोबर आणायला लावतो. मालक खूश आहे. त्याला वाटतं ही माझी काटेकोर पद्धत आहे. संध्याकाळी गुडघे धरून घरी जातो. इकडेही तशी काही हिरवळ नाही.

गाडीबद्दल. कोपऱ्यावरच्याने क्लिप आवळली ती अंदाजाने. पाणी पडतं तिथे गळती नसते. वर कुठेतरी गळतं, इंजिनवरून ओघळत येतं आणि सोयीची जागा बघून टपकतं. घरातल्या भांडणासारखंच. तुम्ही असं करा. सकाळी गाडी गार असताना बॉनेट उघडा. पुढे जाळीदार रेडिएटर दिसेल. त्याच्या वरच्या तोंडातून एक मनगटाएवढा जाड काळा रबरी पाइप इंजिनकडे जातो, तसाच एक खालून जातो. दोन्ही फडक्याने कोरडे पुसा, खाली जुने पेपर अंथरा, मग गाडी थोडा वेळ चालू ठेवा. बंद करा आणि नुसतं बघा, कशालाही हात लावू नका. जिथे पहिला थेंब येईल तिथे दुखणं. जुनी गळती असेल तर त्या जागी पांढरट हिरवी पूड साचलेली दिसेल. आणि पाइप बोटांनी दाबायचा तो दुसऱ्या दिवशी, गार असताना. चांगला पाइप दबतो आणि परत येतो. मेलेला पाइप एकतर दगड असतो, नाहीतर लगदा.

दादाच्या चहाचं वाचून हसू आलं आणि नंतर बरं वाटेना. दादाच्या आणि माझ्या गॅरेजात चहाच्या नावाने जेवढी बोंब व्हायची, त्याच्या निम्मा चहासुद्धा पोटात जात नसे. तोच शब्द राहावा म्हणजे गंमतच.

त्या जागेबद्दल मी काय मत देऊ? भार तुमच्या पाठीवर आहे, कळ तुम्हाला आली. तुम्ही ठरवाल त्याला माझं ना नाही. मी यायला हवं होतं हे तुम्ही लिहिलं नाहीत, तरी वाचता आलं. पण वहिनी, त्याला बोलता येत नाही आणि मला ऐकू येत नाही. समोरासमोर बसून आम्ही करणार काय?

धाकटा

२६ फेब्रुवारी

भाऊजी,

तुम्ही सांगितलंत तसं केलं. वरचा पाइप. रेडिएटरच्या तोंडावर जिथे क्लिप आहे तिच्या जरा मागे, खालच्या अंगाला, वरून दिसतच नाही. बारीक चीर आहे. आरसा धरून पाहिलं तेव्हा कळलं. आतल्या बाजूने शिवण उसवावी तशी आणि भोवती पांढरी पूड. पाइप दाबला तर टोकाला लगदा आणि मध्ये दगड. म्हणजे दोन्ही रोग झालेत. कोपऱ्यावरचा चीर सोडून क्लिप आवळत बसला, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आता दुसरं. मी जागा पाहून आले, ह्यांना घेऊनच गेले. फाटक, आत फरसबंदी, खोल्यांना मोठ्या खिडक्या. चादरी स्वच्छ होत्या. मी चादरीची शिवण बघते, सवय आहे, कोपरे नीट दुमडलेले होते. कुणी ओरडत नव्हतं. मार्चअखेर नाहीतर एप्रिलच्या सुरुवातीला एक खाट रिकामी होईल म्हणाले. ह्यांनी फाटकातच माझा दंड धरला आणि चहा, चहा सुरू. तिथला अटेंडंट बिचारा धावत जाऊन कप घेऊन आला. ह्यांनी करंगळी बुडवली, कप सारला, पुन्हा चहा. तिथल्या बाई हसून म्हणाल्या, "इथे चहाची चैन आहे हो आजोबा." मला इतकं ओशाळं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमचे पेपर अंथरून बॉनेटमध्ये डोकं घालून बसले होते. गाडी चालू केली, बंद केली, वाकले, तर मागून येऊन ह्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं. चहा! अहो, हात कामात आहे, म्हटलं. चहा! सोडेनातच. भाऊजी, माझा तोल गेला. घरात गेले, चहा केला, आणून त्यांच्यासमोर मोरीत ओतला. "हा घ्या चहा," म्हटलं. ते पायरीवर जाऊन बसले. डावा हात उजव्या हातावर ठेवून बसले होते, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी इंजिनकडेच बघत राहिले.

तर मी ठरवलंय. खाट रिकामी झाली की ह्यांना तिथे ठेवायचं. माणूस समोर बसलाय आणि मी मोरीत चहा ओतून त्याच्यावर राग काढतेय, इथवर मी आले. त्यापेक्षा परक्या माणसांनी सांभाळलेलं बरं, ती निदान हसून तरी बोलतात. त्यांच्या आत आता कुणी आहे की नाही, हेच मला कळेनासं झालंय.

पाइप पाठवा. मीच घालते. तिथपर्यंत जायला तरी गाडी धड हवी.

वहिनी

६ मार्च

वहिनी,

पाइप आणि दोन क्लिपा वेगळ्या पार्सलने पाठवल्या आहेत. कूलंटचा डबा तिथेच घ्या, जुनं पाणी परत भरू नका.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ठरवलंत त्यावर काही लिहीत नाही. मला लिहिता येतं ते लिहितो.

आधी चहा, मग झाकण. हे सगळ्यात आधी.

रेडिएटरचं झाकण काढलंत की त्याच्या खाली तोटी आहे, तिच्याखाली पसरट टब ठेवून पाणी सोडा, वरच्या पाइपच्या खाली पातळी जाईल इतकं. मग पाइपच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा स्क्रू ड्रायव्हरने सैल करून मध्यावर सरकवा. पाइप ओढू नका. ओला कपडा पिळतो तसा पिळा, म्हणजे चिकटलेला सुटेल. नाहीच सुटला तर ब्लेडने त्याला उभी चीर द्या. जुन्या पाइपची दया करू नका, पण ब्लेड खाली रेडिएटरच्या तोंडाला लागू देऊ नका. ते तोंड प्लॅस्टिकचं आहे, टवका उडाला तर आगीतून फुफाट्यात. तोंडावर साचलेली पूड बारीक पॉलिशपेपरने साफ करा.

नव्या क्लिपा आधी पाइपवर चढवून घ्या, मग पाइप बसवा. सगळे विसरतात. तुम्ही बटण लावून झाल्यावर काज करत नाही ना, तसंच. पाइप सहज चढेना तर तेल लावायचं नाही, रबर तेलाने फुगतं. पाण्याचा हात लावा. तोंडाला बारीक काठ आहे, पाइप तो ओलांडून पुढे गेला पाहिजे आणि क्लिप काठाच्या मागे बसली पाहिजे. आवळताना जोर दाखवू नका. बाहीचा कफ शिवता तसं, घट्ट पण रक्त थांबेल असं नाही. क्लिपच्या फटीतून रबर वर यायला लागलं की बस.

मग कूलंट भरा, झाकण उघडंच ठेवून गाडी चालू करा, हीटर पूर्ण गरमवर. पाइप हाताने दाबत राहा, आतली हवा बुडबुड करत वर येईल. पातळी खाली गेली की पुन्हा भरा. बुडबुडे थांबले की झाकण लावा.

ही सगळी कामं दादा डोळे मिटून करायचा. त्याला शेजारी खुर्ची देऊन बसवा. काही नाही तर बघेल.

धाकटा

१५ मार्च

भाऊजी,

ह्यांचा डावा हात भाजला. मनगटापासून कोपरापर्यंत. डॉक्टर म्हणतात खोल नाही, त्वचा येईल. माझ्या हनुवटीवर दोन फोड आलेत, तेवढंच.

व्यायामावरून परत येताना काटा पार वर गेला. कशीबशी दारात आणली, बॉनेटमधून वाफ येत होती. पार्सल आदल्या दिवशीच आलं होतं. म्हटलं, अंधार पडायच्या आत आजच उरकून टाकू, उद्याचा काय भरवसा. ह्यांना पुढच्या सीटवरच बसू दिलं, दार उघडं ठेवून. फडकं घेतलं, झाकणाला हात घातला. आतून ह्यांचं सुरू झालं, चहा, चहा. मी ओरडले, "मिळेल हो चहा, जरा दम धरा!" आणि झाकण फिरवलं.

ते गाडीतून उतरले कसे मला माहीत नाही. काठी मागे सीटवरच होती. मला खांद्याने बाजूला ढकललं आणि झाकणावर हात आडवा घातला. मग ते पाणी उसळलं. भाऊजी, केवढं उंच उसळलं. एवढ्याशा झाकणाखाली एवढा राग असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता त्यांचा एकुलता एक चालता हात बँडेजमध्ये आहे. भरवायला लागतं. ते मुकाट्याने तोंड उघडतात आणि घास घेताना माझ्या हनुवटीकडे बघत राहतात.

तुमचं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. तुम्ही लिहिलं होतंत, आधी चहा, मग झाकण. मला वाटलं, दीर आहे, वहिनीची थट्टा करतोय, दमली असेल तर चहा घेऊन कामाला लाग म्हणतोय. आणि चहाच्या नावाने तर मी कानाला खडा लावला होता. पण काल ह्यांना भरवताना माझ्या डोक्यात आलं की थट्टा करायची तर तुम्ही शेवटी केली असतीत. "हे सगळ्यात आधी" असं पुढे लिहिलं नसतंत.

भाऊजी, चहा म्हणजे काय?

वहिनी

२० मार्च

वहिनी,

पत्र वाचून दुकान अर्ध्यात सोडलं आणि घरी येऊन लिहायला बसलो.

चूक माझी आहे. हे वाक्य लिहिताना मनातसुद्धा आलं नाही की गॅरेजच्या बाहेर याला कुणी दुसरा अर्थ लावेल. आमच्याकडे त्याला दुसरा अर्थ नव्हताच.

आम्ही ज्या उस्तादाच्या हाताखाली शिकलो, त्याच्या एका गालाला दाढी उगवत नसे. तरुणपणी त्याने गरम गाडीचं झाकण उघडलं होतं. त्यामुळे त्याच्या गॅरेजात नियम होता. तापलेली गाडी आत आली की जो पहिला बघेल त्याने ओरडायचं, "चहा!" की सगळ्यांचे हात वर. मग खरोखरचा एक ग्लास उकळता चहा आणून मडगार्डवर ठेवायचा. तो कुणी प्यायचा नाही. दुसऱ्या कामाला लागायचं. बऱ्याच वेळाने उस्ताद यायचा, ग्लासात करंगळी बुडवायचा. करंगळीला सोसला तरी लगेच झाकण नाही, वरचा पाइप दाबून बघायचा, मऊ लागला तरच. चटका बसला तर ग्लास बाजूला सारायचा आणि पुन्हा म्हणायचा, "चहा." म्हणजे थांबा, अजून नाही.

पुढे आमचं स्वतःचं गॅरेज झालं तेव्हा दादाने हाच नियम चालवला. आणि मग तो शब्द गाडीपुरता राहिला नाही. जॅकवर गाडी डगमगली, चहा. कुणी उघड्या वायरीला हात घालतोय, चहा. गिऱ्हाइकाच्या अंगावर मी धावून जातोय, दादा मागून शांतपणे म्हणायचा, चहा. घरी त्याने तो कधी आणला नाही, कारण घरी म्हणायला त्याच्याकडे "अगं जपून" होतं, "अगं थांब" होतं. ते सगळं गेलं. हा एक खाली तळाला राहिला असणार.

वहिनी, तो तुमच्याकडे काही मागत नव्हता. इस्त्री, स्टूल, बॉनेट, तुम्हीच लिहिलेलं आठवा. मी तुमची पत्रं परत वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला. पहिल्याच पत्रात तुम्ही करंगळीचं लिहिलं होतंत आणि मी हसलो होतो. ऐकू येत नाही असं नुसतं म्हणतो मी. वाचूनसुद्धा ऐकू आलं नाही.

त्या दिवशी तुम्ही ओरडलात, दम धरा. तोही तेच ओरडत होता. तुम्ही दोघं एकमेकांना एकच गोष्ट सांगत होतात.

आत कुणी आहे की नाही, असं तुम्ही विचारलं होतंत. आहे.

मी सुट्टी मागितली आहे. समोरासमोर बसून काय करणार म्हणालो होतो, ते मागे घेतो. आम्हा दोघांना पुरेल एवढा एक शब्द आहे, आणि तो मला ओठांवरून वाचता येतो.

धाकटा

४ एप्रिल

भाऊजी,

पाइप बदलला. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण ते, आणि कारण मी तुमचं पत्र घेऊन पुष्कळ वेळा नुसती बसले.

आधी पाइपचं. सकाळची वेळ. गाडी रात्रभर बंद होती, गारच होती, चहाची काही गरज नव्हती. तरी मी केला. कप मडगार्डवर ठेवला आणि ह्यांना खुर्ची देऊन शेजारी बसवलं. ते कपाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. भाऊजी, झटक्यानंतर ह्यांचं हसू उजवीकडे पोचत नाही, डावीकडेच अडतं. ते अर्धं हसू मी खूप दिवसांनी पाहिलं. आम्ही दोघं काही न करता तो चहा निवायची वाट बघत बसलो. दुसऱ्याची बाही नाही, झिप नाही, भरवणं नाही, नुसतं बसणं. आठवत नाही असं कधी बसले होते ते.

बँडेजमधून बोटं बाहेर आहेत. मी कप पुढे धरला. ह्यांनी करंगळी बुडवली, जरा थांबले, मान हलवली. मग माझा हात धरून पाइपच्या टोकावर नेला आणि दाबायला लावला. मऊ होता. तेव्हा झाकण उघडलं.

जुना पाइप पिळून सुटेना, उभी चीर दिली. आतून कुजलेल्या चपलेसारखा झाला होता. क्लिपा आधी चढवायला मी विसरलेच, तुम्ही लिहूनसुद्धा. पालथ्या घड्यावर पाणी. पाइप बसवणार एवढ्यात आवाज आला, चहा. थांबले. बघते तर दोन्ही क्लिपा ह्यांच्या मांडीवर. नंतर पेपर अंथरून गाडी चालू ठेवली, ते कोरडेच राहिले. काल व्यायामाला जाऊन आलो, सिग्नलला काटा हलला नाही. ह्यांनी सबंध रस्ताभर काट्यावर नजर ठेवली, म्हणून मला रस्ता बघता आला.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, हे फार उपयोगाचं आहे, इथून पुढे सरकता येईल. सरकेल तेव्हा सरकेल.

मला तो दिवस विसरता येत नाही, मोरीत चहा ओतला तो. आणि फाटकातला. तिथे ह्यांनी माझा दंड धरला होता आणि मी शरमून इकडेतिकडे बघत होते. तुमचं पत्र आल्यावर मी ह्यांच्यासमोर बसून ते मोठ्याने वाचलं. "तो तुमच्याकडे काही मागत नव्हता" इथवर आले, फाटक आठवलं आणि पत्र खाली ठेवलं. ह्यांनी बँडेजचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. जड लागला. बरा वाटला.

तरी एक सांगते, माझी पाठ काही नवी झालेली नाही. तुमच्या पत्राने दमणूक जात नाही. न्हाणीतून उचलायचं आजही मलाच आहे, आणि कधी तरी ती खाट मला लागेलही. तुम्ही येताय ना, तर पाहुणे म्हणून येऊ नका. गाडी तुम्ही चालवा, न्हाणी तुम्ही बघा, मी दोन दिवस झोपणार आहे. उठवायला आलात तर मी काय म्हणेन ते तुम्हाला ऐकू येणार नाही, तेव्हा मनसोक्त म्हणेन.

परवा त्या जागेतून फोन आला. खाट रिकामी झालीय, कधी आणताय त्यांना, दुसरीही माणसं रांगेत आहेत. मी फोन धरून उभी. समोर खुर्चीत हे, माझ्या तोंडाकडे बघत. सगळं समजावून सांगायला मला जमलं नसतं.

"चहा," मी म्हटलं.

"काय म्हणालात?" त्या बाई म्हणाल्या.

"थांबा म्हणाले," मी म्हटलं. "अजून नाही."

वहिनी